टीव्ही बोलतो, साउंडबार गप्प: आवाज कुठं अडला ते शोधायची रीत

गणपती-दिवाळीच्या ऑफरमध्ये साउंडबार घरी येतो. दुकानातला पोरगा वायर जोडतो, एक गाणं वाजवून दाखवतो आणि निघून जातो. दोन दिवसांनी करंट जाऊन येतो आणि आवाज पुन्हा टीव्हीच्या पोटातूनच यायला लागतो. मग घरातला प्रत्येक जण आपल्या अकलेनं एकेक बटण दाबतो, कुणी वायर उपसतो, कुणी सगळं रीसेट मारतो आणि संध्याकाळपर्यंत मूळ बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. "आवाजच येईना झालाय की ओ," एवढंच दुकानदाराच्या कानावर जातं.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्या घरांत पहिल्यांदाच साउंडबार आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: 'बिघडला' म्हणून परत नेलेले बरेचसे साउंडबार धडधाकट असतात. आवाज वाटेत कुठंतरी अडलेला असतो. वाट अशी: सेट टॉप बॉक्स किंवा टीव्हीतलं अ‍ॅप, तिथून टीव्ही, टीव्हीतून वायर, वायरीतून साउंडबार. कुठल्या टप्प्यावर अडलाय ते आधी ठरवायचं आणि मगच हात घालायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की तपासायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर कशामुळं आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी दोन्ही टोकं तपासा

पहिलं टोक साउंडबारचं. टीव्ही बंदच ठेवा. साउंडबारच्या रिमोटवरून ब्लूटूथ निवडा, मोबाइल जोडा, कुठलंही गाणं लावा. वाजलं तर साउंडबारचा स्पीकर आणि आतलं मशीन ठीक आहे. त्याला दुकानात न्यायची गरज नाही. वाजलंच नाही तर आवाज शून्यावर किंवा म्यूटवर आहे का बघा, मग अडॅप्टर बघा. आपल्याकडं एकाच बोर्डवर सेट टॉप बॉक्स, वायफायचा राउटर आणि साउंडबार अशी तीन काळी अडॅप्टरं लटकत असतात आणि साफसफाईत त्यांची अदलाबदल होते. बॉक्सच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरची पिन जास्त व्होल्टच्या साउंडबारलाही बसू शकते. मग दिवा लागतो, पण आवाज वाढवला की साउंडबार बंद पडतो. अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि साउंडबारच्या मागं लिहिलेले व्होल्ट सारखेच हवेत.

दुसरं टोक टीव्हीचं. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'साउंड आउटपुट' असतं. तिथं 'टीव्ही स्पीकर' निवडा. टीव्हीतून आवाज आला म्हणजे बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची वाट मोकळी आहे. तिथंही आला नाही, तर साउंडबारचा यात काहीच संबंध नाही. बॉक्सच्या मागची वायर, बॉक्सचा स्वतःचा आवाज, चॅनलची भाषा हे बघायचं. भाषेचं सीमाभागात विशेष आहे. कार्टूनच्या किंवा क्रिकेटच्या एकाच चॅनलवर दोन-चार भाषांचे आवाज असतात. कुणी कन्नडवरून हिंदीवर नेलेलं असतं, आणि एखाद्या वेळी निवडलेल्या भाषेचा आवाज त्या कार्यक्रमाला नसतोच. बॉक्सच्या रिमोटवरचं भाषेचं बटण दाबून दुसरी भाषा लावून बघितली की शंका मिटते.

दोन्ही टोकं ठीक निघाली तर बिघाड मधल्या वाटेवर. बहुतेकदा तो तिथंच असतो.

टीव्हीच्या मेनूची भाषा कन्नड असली आणि घरातल्या मोठ्यांना वाचता येत नसली, तर शाळेत जाणाऱ्या पोरांना बसवा, ती वाचतात. नाहीतर दात्यांच्या चाकाचं चित्र म्हणजे सेटिंग आणि स्पीकरचं चित्र म्हणजे आवाज, एवढ्या दोन खुणांवर काम भागतं. भाषा बदलून घेतली तर पुढचं सगळंच सोपं जाईल.

वायर कुठल्या भोकात आहे?

टीव्हीच्या मागं एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात आणि ती दिसायला हुबेहूब सारखी. पण साउंडबारकडं आवाज पाठवायचं काम त्यातलं एकच करतं. त्याच्या शेजारी इंग्रजीत ए, आर, सी अशी तीन अक्षरं छापलेली असतात, नव्या टीव्हीवर त्यांच्या आधी छोटा ई असतो. एचडीएमआयची वायर मुळात बॉक्सकडून टीव्हीकडं चित्र आणि आवाज नेण्यासाठी. त्याच वायरीतून आवाज उलटा, म्हणजे टीव्हीकडून बाहेर आणायची सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये आली, तीच एआरसी. २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर तिची मोठी आवृत्ती आली, ती ईएआरसी. दुसऱ्या भोकात वायर घातली तर काहीही जळत नाही, फक्त आवाज येत नाही.

हे भोक कुठं असेल याचा नेम नाही. काही टीव्हींत पहिलं, काहींत दुसरं, काहींत तिसरं. टीव्ही भिंतीला चिकटवलेला असेल तर वाकून अंदाजानं घालू नका. मोबाइलचा कॅमेरा मागं सरकवून फोटो काढा आणि अक्षरं वाचा.

साउंडबारच्या बाजूलाही हीच गफलत होते. काही साउंडबारला एचडीएमआयची दोन भोकं असतात, एक 'इन' आणि एक 'आउट'. आवाज साउंडबारच्या आत यायचा म्हणून माणूस साहजिकच 'इन'मध्ये घालतो. पण टीव्हीची वायर 'आउट'मध्ये जायची. एआरसीची अक्षरंही तिथंच असतात. 'इन' हे बॉक्स किंवा गेमचं मशीन थेट साउंडबारला जोडायला आहे. नावं ठेवणाऱ्यांनी माणसाचा विचार केलेला नाही, एवढंच म्हणतो.

वायर योग्य जागी आहे, तरी तीन गोष्टी राहतात. एक, साउंडबारवर इनपुट एआरसी निवडलेलं हवं. समोरच्या डिस्प्लेवर तशी अक्षरं दिसतात किंवा दिव्याचा रंग बदलतो. रंगाचा अर्थ सोबतच्या पुस्तिकेत असतो. मोबाइलनं तपासल्यावर साउंडबार ब्लूटूथवरच राहिलेला असतो, हे विसरू नका. दोन, टीव्हीच्या 'साउंड आउटपुट'मध्ये एचडीएमआय किंवा एआरसी निवडा. तीन, सीईसी चालू करा. सीईसी म्हणजे एचडीएमआयनं जोडलेल्या वस्तूंनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, आणि बहुतेक टीव्हींत ती बंद असली की एआरसीही चालत नाही. कंपन्यांनी तिला आपापली नावं दिलीत: सॅमसंगमध्ये 'एनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिंपलिंक', सोनीत 'ब्राविया सिंक'. बाकीच्या टीव्हींत बहुधा सरळ 'एचडीएमआय सीईसी'.

वायर महागच हवी असं नाही. बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत मिळणारी साधी, पण 'हाय स्पीड' लिहिलेली वायर एआरसीला पुरते. जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेली वायर मात्र संशयित धरा आणि शेजाऱ्याची मागून एकदा तपासून घ्या.

एआरसी नसेल तर

जुन्या किंवा स्वस्तातल्या टीव्हीला एआरसी नसतं. तिथं ऑप्टिकल वायर बघा. चौकोनी, बारीक, आतून लाल उजेड येणारी ती. तोशिबा कंपनीनं १९८३ मध्ये आणलेली ही वायर अजून टिकून आहे आणि मला ती आवडते, कारण तिच्यात भांडणं कमी. टीव्ही चालू करून टीव्हीत बसवलेल्या वायरीच्या मोकळ्या टोकाकडं तिरकं बघा. लाल दिसलं तर टीव्ही आवाज पाठवतोय, नाही दिसलं तर बहुधा साउंड आउटपुटमध्ये 'ऑप्टिकल' निवडलेलं नाही. नव्या वायरीच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या असतात. त्या न काढताच जोर लावून वायर खुपसणारे पुष्कळ. टोपी काढा, पिनचा आकार भोकाशी जुळवा, 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. वायर फोटोच्या खिळ्याला करकचून वळवू नका, आतली काच किंवा प्लॅस्टिकचा तंतू मोडतो.

ऑप्टिकलवर टीव्हीच्या रिमोटनं आवाज बहुधा कमी-जास्त होत नाही. तो बिघाड नाही. साउंडबारचाच रिमोट हातात ठेवायचा.

काही टीव्हींना ऑप्टिकलही नसतं, त्याऐवजी एकच गोल नारिंगी भोक असतं, ते कोएक्सियल. साउंडबारला कोएक्सियल असेल तर थेट जोडा, नसेल तर कोएक्सियलचं ऑप्टिकल करणारी डबी मिळते. तेही नसेल तर हेडफोनच्या भोकातून ऑक्सची वायर. ब्लूटूथ मी शेवटी ठेवतो: जोडायला सोपं, पण आवाज ओठांच्या मागं पडतो, आणि घरातल्या कुणाचा तरी मोबाइल मध्येच साउंडबार पकडून बसतो. बातम्या चालू असताना अचानक रील वाजायला लागली तर हेच झालंय.

केबलवर आवाज येतो, सिनेमाला येत नाही

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त फसवणारी तक्रार ही. मराठी मालिका नीट ऐकू येते, पण अ‍ॅपवर सिनेमा लावला की शांतता. किंवा साधं चॅनल चालतं आणि एचडी चॅनलवर नुसता खरखराट. वायर ठीक आहे हे मालिकेनंच सिद्ध केलंय. मग वायर बदलून काय होणार?

इथं अडचण आवाजाच्या बांधणीची असते. टीव्ही आवाज दोन तऱ्हांनी पाठवतो. एक साधी, उघडी: पीसीएम. ती प्रत्येक साउंडबारला कळते. दुसरी आवळून बांधलेली: डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस, डीटीएस वगैरे. ती सोडवायचं मशीन साउंडबारमध्ये असावं लागतं. स्वस्तातल्या बऱ्याच साउंडबारमध्ये ते नसतं. टीव्हीचं सेटिंग 'ऑटो' किंवा 'पासथ्रू'वर असेल तर टीव्ही बांधलेलं गाठोडं तसंच पुढं ढकलतो, आणि साउंडबार एकतर गप्प बसतो नाहीतर त्या गाठोड्यालाच आवाज समजून खरखरतो.

उपाय असा. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये आत, बऱ्याचदा 'अ‍ॅडव्हान्स्ड' किंवा 'एक्स्पर्ट' असं लिहिलेल्या भागात, 'डिजिटल ऑडिओ आउटपुट' किंवा 'डिजिटल साउंड आउट' अशा नावाची ओळ सापडेल. तिथं पीसीएम निवडा. आता टीव्हीच गाठोडं सोडून साधा दोन स्पीकरचा आवाज पुढं देतो. शांततेची ही तक्रार बहुतेक वेळा इथंच संपते. सेट टॉप बॉक्सलाही स्वतःचं असंच सेटिंग असतं. एखाद्याच एचडी चॅनलवर आवाज नसेल तर बॉक्समध्येही डॉल्बीऐवजी स्टीरिओ किंवा पीसीएम करा.

पण सगळ्यांनीच डोळे मिटून पीसीएम लावावं असं मी म्हणणार नाही. साउंडबारच्या खोक्यावर डॉल्बीचं चिन्ह असेल आणि मागं ठेवायचे स्पीकरही घेतले असतील, तर पीसीएमवर आवाज दोन बाजूंचाच येईल आणि मागचे स्पीकर मुके राहतील किंवा पुढच्याचीच नक्कल करतील. अशा साउंडबारला 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' ठेवा, आवाज गेला तरच पीसीएमवर या. अ‍ॅटमॉसचे, म्हणजे आवाज वरूनही येतोय असं भासवणाऱ्या डॉल्बीच्या प्रकाराचे पैसे मोजलेल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं: अ‍ॅपवरचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं, ते ऑप्टिकल वायरीतून जात नाही. त्याला एआरसी किंवा ईएआरसीच लागतं. ब्लू-रेच्या तबकडीवरचा, आवळतानाही काहीच न गाळलेला मोठा डॉल्बी आवाज तर फक्त ईएआरसीतूनच जातो. महागडा साउंडबार घेऊन ऑप्टिकलवर चालवणारी घरं आहेत आणि त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पेनड्राइव्हवरच्या सिनेमाचं वेगळं. चित्र दिसतं, आवाज नाही, आणि टीव्ही स्पीकरवरही नाही, तर आवाज डीटीएसमध्ये असण्याची शक्यता मोठी. सॅमसंगनं २०१८ पासूनच्या टीव्हींतून डीटीएस काढलं. इतर कंपन्यांच्याही काही मॉडेलांत ते नाही. त्याच फाइलमध्ये दुसरा आवाज असेल तर तो निवडा, नाहीतर दुसरी फाइल बघा. साउंडबारवर राग काढू नका.

करंट जाऊन आला की

हेस्कॉमचा करंट गेला आणि दोन मिनिटांनी आला, की टीव्ही आणि साउंडबार एकाच क्षणी जागे होतात. एआरसीला चालू होताना दोघांची ओळख पटावी लागते; घाईत ती चुकते, आणि टीव्ही गुपचूप स्वतःच्या स्पीकरवर जातो. काही साउंडबार करंट आल्यावर स्वतःहून ब्लूटूथवर उभे राहतात. रात्री बोर्डवरचं बटण बंद करायची ज्यांना सवय आहे त्यांना रोज सकाळी हाच अनुभव येतो.

आधी साउंडबारचं इनपुट बघा, मग टीव्हीचं साउंड आउटपुट. दोन्ही ठीक असून आवाज नसेल तर टीव्ही आणि साउंडबार दोघांचेही प्लग बोर्डातून काढा. रिमोटनं बंद करून भागत नाही. एचडीएमआयची वायरही काढा. चार-पाच मिनिटं थांबा, म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. मग वायर जोडा, टीव्ही चालू करा, तो पूर्ण उभा राहू द्या आणि त्यानंतर साउंडबार. हे एवढं करून सीईसी एकदा बंद-चालू केलं की बहुतेक जोड्या पुन्हा जुळतात. टीव्हीला लावलेली स्टिक किंवा दुसरं मशीनही सीईसीत लुडबूड करतं. साउंडबार आपोआप बंद-चालू होत असेल तर ते काढून बघा. आवाज नसताना पंधरा-वीस मिनिटांनी साउंडबार स्वतःच झोपतो, ती मात्र वीज वाचवायची सोय आहे.

इन्व्हर्टरवर चालवताना 'हुंऽऽ' असा घरघराट येतो का? स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर येऊ शकतो. करंट आल्यावर तो जातो. करंट असतानाही घरघर असेल आणि ऑक्सची वायर असेल, तर सेट टॉप बॉक्सच्या मागची डिशची किंवा केबलची वायर क्षणभर काढा. घरघर थांबली तर अर्थिंगचा घोटाळा आहे. ऑप्टिकलवर गेलात की तो संपतो, कारण तिच्यातून उजेड जातो, करंट जात नाही. घराची अर्थिंग तरीही वायरमनकडून बघून घ्या; जुन्या वाड्यांत ती नावालाच असते.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात, आणि खानापूर-जांबोटी-कणकुंबीकडं तर पुढंही, विजा कडाडायच्या आधीच टीव्ही, साउंडबार, बॉक्स यांचे प्लग आणि डिशची वायर काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही. डिशच्या वायरीतून आलेला झटका एचडीएमआयचं भोक मारतो आणि टीव्ही बाहेरून साजरा दिसतो. अशा टीव्हीत एआरसी गेलं तरी ऑप्टिकल जिवंत असू शकतं. बोर्ड बदलायच्या खर्चाआधी ते तपासा.

ओठ पुढं, आवाज मागं

आधी ब्लूटूथ सोडून वायरीवर या. वायरीवरही आवाज मागं पडत असेल तर टीव्ही आणि साउंडबार दोन्हीकडं 'एव्ही सिंक', 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' नावाचं सेटिंग शून्यावर आणा आणि पीसीएम किंवा पासथ्रू यांपैकी जे नव्हतं ते लावून बघा. हे सेटिंग आवाजाला उशीरच करू शकतं, घाई नाही. त्यामुळं आकडा वाढवायचा तो आवाज ओठांच्या आधी येत असेल तरच. एकाच चॅनलवर फरक पडत असेल तर तो चॅनलवाल्यांचा, घरी दुरुस्त होणारा नाही.

धमक देणारा वेगळा डबा, म्हणजे सबवूफर, मुका असेल तर त्याचा दिवा बघा. स्थिर असेल तर जुळलाय, लुकलुकत असेल तर साउंडबार शोधतोय. पुस्तिकेत दिलेलं पेअरिंगचं बटण दाबून ठेवा.

आता तक्रार करा

एवढं करूनही आवाज नसेल तर आधी टीव्ही आणि साउंडबारचं सॉफ्टवेअर अपडेट बघा, मग फक्त साउंडबार फॅक्टरी रीसेट करा. टीव्ही रीसेट करायची घाई नको. सगळी अ‍ॅपं आणि पासवर्ड पुन्हा घालत बसावं लागतं.

मग कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवा. पिनकोड ५९० किंवा ५९१ नं सुरू होतो म्हणून फोन कर्नाटकच्या केंद्राकडं जातो आणि पलीकडून कन्नडमध्ये सुरुवात होते. मराठी नाही जमलं तर हिंदी चालते. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. वस्तू स्वतः घेऊन जायची असेल तर तिकडचं केंद्र ती घेतं का, ते फोनवरच विचारून घ्या. वॉरंटीत असून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५; तिथं मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, कारण दुकानातल्या पातळ कागदावरची छपाई वर्षभरात उडते.

फोनवर "आवाज येत नाही" एवढंच सांगू नका. दोन्ही मॉडेलचे नंबर सांगा, आणि पुढं असं: ब्लूटूथवर साउंडबार वाजतो, टीव्ही स्पीकरवर आवाज येतो, एआरसीच्या भोकात वायर आहे, दुसरी वायर लावून बघितली, पीसीएम करून बघितलं, प्लग काढून बघितला. समोरचा माणूस कागदावरचे तेच प्रश्न विचारणार असतो. उत्तरं आधीच दिलीत तर माणूस पाठवायची तारीख लवकर मिळते.